बाहुलीचं माप

माझ्या वडिलांना लोक शहाणा माणूस म्हणायचे, आणि मला त्याचा राग यायचा. राग म्हणजे मत्सरच, जरा सभ्य कपडे घातलेला. दुकानातून निघालेलं गिऱ्हाईक मला दारापाशी गाठून हळूच म्हणायचं, "तुमचे बाबा म्हणजे ना..." आणि पुढचं वाक्य हवेत सोडून द्यायचं. मी मान डोलवायची. मनात म्हणायची, अहो, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसते, मला अजून त्यातलं काही मिळालेलं नाही. तुम्ही एका कपभर चहात काय घेऊन चाललात?

आमचा धंदा डोळे करण्याचा. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो त्यांच्यासाठी. चारचौघांत जेवताना या धंद्याबद्दल बोलायचं नसतं हे मी लहानपणीच शिकले. आधी रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून मेणाचा डोळा करून बसवून बघायचा, मग तो प्लॅस्टिकमध्ये ओतायचा आणि उकळत्या पाण्यात पक्का करायचा. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा करायच्या. बुबुळ वेगळं रंगवायचं, छोट्याशा चकतीवर, थरावर थर. बुबुळाच्या मधोमध काळी बाहुली. वरून पारदर्शक थर, मग झिलई.

रंगात मी बाबांच्या पुढे गेले होते. ही माझी बढाई नाही, तेच सांगायचे लोकांना. तपकिरी बुबुळात कडेला जी हिरवट झाक असते, राखाडीत जे पिवळे कण असतात, ते मला दिसायचे आणि हातात उतरायचे. साचा, मेण, शिरा, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. बाहुली मात्र त्यांनी शेवटपर्यंत माझ्या हाती दिली नाही.

बाहुलीचं असं असतं की खरी बाहुली एका मापाची राहत नाही. उन्हात ती टाचणीच्या डोक्याएवढी होते, अंधारात पसरते. आपण केलेली बाहुली एकदा केली की केली. म्हणजे आमचा डोळा खऱ्या डोळ्याशी कुठल्या तरी एकाच उजेडात जुळणार, बाकी सगळा वेळ थोडाथोडा चुकणार. कुठे बरोबर असायचं आणि कुठे चुकायचं पत्करायचं, हे कोणी तरी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते बाबा ठरवायचे.

कसे ठरवायचे, ते मला रोज दिसायचं आणि कळायचं नाही. गिऱ्हाइकाला चहा द्यायचा. पडदा ओढून दिवा लावायचा, थोड्या वेळाने दिवा विझवून पडदा उघडायचा. आणि तोंडाने अखंड फालतू गप्पा. संध्याकाळी कुठे बसता? खुर्चीचं तोंड खिडकीकडे की भिंतीकडे? समोर कोण असतं? एका बेकरीवाल्याशी ते अख्खी दुपार त्याच्या बायकोबद्दल बोलत बसले होते. ती पावाला लोणी कडेपर्यंत लावत नाही, मधेच थापते, यावर दोन मोठी माणसं किती बोलू शकतात हे मी त्या दिवशी ऐकलं. तोवर माझ्या ब्रशवरचा रंग वाळून गेला. मग बाबा उठले, खणातल्या बाहुल्यांच्या काळ्या चकत्यांमधून एक उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. "ही घाल."

मी आधीच माप घेऊन ठेवलेलं असायचं. आमच्या धंद्यात एक पट्टी असते, तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत काळे ठिपके छापलेले असतात. ती गालाजवळ धरून ठिपका बाहुलीशी जुळवायचा. बाबांनी उचललेली चकती माझ्या मापाशी कधी जुळायची नाही. कधी लहान, बहुतेक वेळा मोठी. आणि महिन्याभराने तो बेकरीवाला बायकोला घेऊन आला, ती बाबांचा हात धरून नुसती उभी राहिली. तो मला पावांची पिशवी देऊन म्हणाला, "तुमचे बाबा म्हणजे ना..."

"कसं ठरवलंत?" मी विचारायची.

"बघ," बाबा म्हणायचे.

बघ! मी काय इतकी वर्षं झोपा काढत होते?

माझी खात्री होती की काहीतरी हिशेब आहे. वय, खोलीचा उजेड, बुबुळाचा रंग, यांचं काही गणित. ते त्यांनी कुठेतरी आत दडवून ठेवलंय, आणि मी अजून लायक झालेली नाही असं त्यांना वाटतंय. मला त्यांचं कौतुक नको होतं, असं मी स्वतःला सांगायची. खोटं कशाला बोलू, हवंच होतं. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे की त्यांनी एकदा मला शेजारी बसवावं आणि म्हणावं, हे असं असतं पोरी, आणि आता हे तुला येतं. आता ते नाहीत. तरी एखादं बुबुळ मनासारखं उतरलं की माझी मान आपोआप त्यांच्या स्टुलाकडे वळते.

मग त्यांचाच डावा डोळा गेला. आत गाठ होती, डॉक्टरीणबाईंनी डोळा काढला. आयुष्यभर लोकांना डोळे दिले आणि शेवटी बघा कसं झालं, असं भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला. लोकांना असलं बोलायला फार आवडतं. मला त्यांना दाराबाहेर काढायला आवडलं असतं, पण बाबा त्यांना चहा विचारत होते.

आजार डोळ्यापुरता थांबला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या हिवाळ्याचं काही धरून चालू नका. बाबांनी मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही दुकान किती वाजता उघडायचं याबद्दल बोलत राहिलो. फक्त आत्याला मी सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यानंतर ती आपलं सामान घेऊन बाबांच्या घरी राहायला आली आणि त्या दिवसापासून त्यांना रागवायचं काम तिने अंगावर घेतलं. ऐकून ती म्हणाली, "आधी त्याचा डोळा कर तू. असा अर्धा चेहरा घेऊन बसू देऊ नकोस त्याला."

जखम भरल्यावर बाबा दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"घ्या बाई साचा," ते म्हणाले. "आणि जरा हळू. तुझा हात जड आहे असं एक-दोघं म्हणाले होते."

"कोण म्हणालं?"

"आता मला तरी कळू दे खरं का खोटं."

साचा घेतला, मेण बसवलं. त्यांचं बुबुळ मी आठवडाभर रंगवत होते. गडद तपकिरी, आणि खाली एका बाजूला मधाच्या रंगाचा छोटा डाग. तो डाग मला लहानपणापासून ठाऊक होता. मांडीवर बसून मी त्यावर बोट ठेवायला जायची आणि ते पापणी मिटायचे. जिवाचा आटापिटा करून मी तो डाग उतरवला. मग खण उघडून त्यांच्यापुढे चकत्या मांडल्या.

"बाहुली?" मी विचारलं.

"तूच ठरव."

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते असे आले, रुमालाने गाल पुसता पुसता. आणि त्यांच्याबरोबर दुसरं काहीच आलं नाही. कसं ठरवायचं ते नाही, चुकशील तर काय ते नाही. मी खिडकीपाशी खुर्ची ओढली, दुकानातला सगळ्यात चांगला उजेड तिथे असतो. पट्टी धरली, पुन्हा पुन्हा माप घेतलं, दरवेळी तोच ठिपका आला. चकती घातली, वरचा थर ओतला, झिलई केली, डोळा बसवला. ती माझ्या हातची सगळ्यात चांगली वस्तू होती. खिडकीच्या उजेडात कुठला डोळा खरा हे मलाही शोधावं लागलं असतं.

बाबांनी आरशात बराच वेळ बघितलं.

"रंग सुरेख उतरलाय," ते म्हणाले.

मी थांबले. पुढे काही आलं नाही. त्यांनी टोपी घातली, माझ्या डोक्यावर थोपटलं आणि घरी गेले. मी हत्यारं धुतली. रंग सुरेख! रंग सुरेख उतरतो हे मला शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

त्यानंतर ते दुकानात यायचे तेव्हा डोळा घालून यायचे. दुपारी थकले की घरी जायचे. माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा, मुलगी, तिच्या परीक्षा, तेही होतंच. दुकान बंद केलं की मी माझी बस पकडायची. बाबांच्या घरी जाणं व्हायचं ते सुट्टीच्या दिवशी, तेही भर दुपारी, पिशव्या हातात घेऊन, निघायच्या घाईत. एका संध्याकाळी मात्र त्यांची औषधं दुकानात राहिली म्हणून मी न सांगता गेले.

पुढच्या खोलीत कोपऱ्यातला दिवा लागलेला होता. बाबा खुर्चीत बसले होते, काळा चष्मा लावून. घरात, संध्याकाळी, काळा चष्मा! आणि माझा डोळा खिडकीत एका वाटीत, पाण्यात पडला होता.

"हे काय?" मी म्हटलं.

"अगं, तू कशी काय आज?"

"ते राहू द्या. डोळा का काढलात? टोचतो? पापणी मिटत नाही? सांगायचं नाही का मला!"

"छे छे. बसलाय छान."

"मग?"

मला खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती आणि खरं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी रागाने आत गेले. आत्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"मीच म्हटलं त्याला काढ म्हणून," ती म्हणाली. "माझ्यावर ओरड."

"का पण?"

"मला नाही सांगता येत. तू नको रागावू. दुकानात मी बघितला ना तेव्हा मला रडूच आलं, इतका तो आपला दादा वाटला. पण इथं संध्याकाळी समोर बसला की वाटतं, कोणीतरी दुकानातला माणूस उठून घरी आलाय. एका डोळ्याने दादा बघतोय आणि दुसऱ्याने तो माणूस. मी स्वेटर विणायला घेते आणि वर मानच करवत नाही. त्याला कळलं ते. त्याला काय, सगळंच कळतं. म्हणून मग काळा चष्मा."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. दुकानातला माणूस. खरंच होतं. मी बाबांना खिडकीच्या उजेडात मापलं, कारण मी त्यांना तिथेच बघत आले होते. त्यांचा संध्याकाळचा चेहरा कसा असतो हे आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला तो आठवेना. कुठल्या कुठल्या परक्या माणसांच्या संध्याकाळच्या खुर्च्या मला तोंडपाठ होत्या. माझ्या बापाची नव्हती.

बाहेर येऊन मी त्यांच्या समोर बसले. राग गेला नव्हता, फक्त कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"चकती चुकली," मी म्हटलं.

"चुकली नाही. माप बरोबर आहे तुझं."

"बाबा, एकदा तरी सरळ बोला हो! तुम्हाला बघताक्षणी कळलं होतं. त्याच दिवशी. नुसतं रंग सुरेख म्हणून निघून गेलात. कसं ठरवतात हे मला शिकवलं का नाहीत कधी?"

त्यांनी चष्मा काढला. ती मिटलेली पापणी मला बघवत नव्हती, पण मी बघितलं.

"तुला काय वाटतं, मी ते गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवलंय?" ते म्हणाले. "सांगता आलं असतं तर तुझ्या जन्माच्या दिवशीच सांगून मोकळा झालो असतो. माझ्या वडिलांकडे माप होतं. ते मला त्यांनी दिलं, मी तुला दिलं. मग एकदा एका बाईचा डोळा केला मी. असाच, खिडकीत, अगदी जिथल्या तिथे. तिचा मुलगा लहान होता. दिवसा तिच्या अंगाखांद्यावर खेळायचा आणि दिवे लागले की तिच्याजवळ जायचा नाही. किंचाळायचा. ती मला येऊन म्हणाली, डोळा परत घ्या. मी तिच्या घरी जाऊन बसलो संध्याकाळचा. तेव्हा मला दिसलं."

"काय दिसलं?"

"तेच तर सांगता येत नाही. दिव्याचं दिसलं म्हणावं तर ते अर्धंच. बाकीचं मी बघतो आणि मला कळतं. तुला सांगायला गेलो की ते शब्द मलाच खोटे वाटतात. म्हणून म्हणतो बघ. तुला वाटतं मी टाळतोय."

"मला वाटायचं मी लायक नाही."

"वेडी आहेस," बाबा म्हणाले, आणि खोकत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकान लवकर बंद करायला लागले. नवऱ्याला म्हटलं, भाजी करता येते ना तुला, मग कर. बसने थेट बाबांच्या घरी जायची आणि त्यांच्यासमोर बसायची. पहिल्या काही संध्याकाळी मला बसता येईना. हाताला काम नाही, तोंडाला विषय नाही. दुकानात आम्ही दोघं दिवसचे दिवस एका टेबलाशी काढले होते, पण तिथे मधे डोळा असायचा दुसऱ्या कोणाचा तरी. इथे मधे काही नव्हतं. रेडिओ चालू असायचा. आत्या विणायची, तोंडाने टाके मोजायची आणि कोणी बोललं की मोजणी चुकली म्हणून चिडायची. बाबा कधी आईबद्दल बोलायचे, कधी त्यांच्या वडिलांच्या दुकानाबद्दल, कधी नुसते पडून राहायचे. ते दिवसेंदिवस खुर्चीत खोल जात होते. मला वाटायचं, ही खुर्ची, हा दिवा, हा कुजबुजणारा रेडिओ, हे सगळं इतकी वर्षं इथे होतं आणि मी बस पकडत होते. कोणीतरी ते मला परत द्यावं असं फार वाटायचं, आणि देणारं कोणी नव्हतं.

"अशी काय टक लावून बघतेस?" ते म्हणायचे. "मुलगा पसंत करायला आल्यासारखी."

"गप्प बसा. उजेडात या जरा."

मग एका संध्याकाळी मी पिशवीतून पट्टी काढली. ते रेडिओकडे बघत असताना ती गालाजवळ धरली. दुकानातल्या मापापेक्षा ठिपका मोठा निघाला, दिव्याचा उजेड मंद, तेवढं अपेक्षितच होतं. मी मान हलवली आणि म्हटलं, "आता इकडे बघा माझ्याकडे."

त्यांनी मान वळवली आणि तो ठिपका लहान पडला.

मला वाटलं दिव्याची चूक. मान वळली, चेहरा सावलीत गेला, बाहुली पसरली. मी उठून दिवा त्यांच्या बरोबर समोर आणून ठेवला, दोन्हीकडे सारखा उजेड पडेल असा. पुन्हा रेडिओ, पुन्हा मी. पुन्हा तेच. उलट व्हायला हवं होतं. रेडिओ खोलीच्या पलीकडच्या टोकाला, मी हाताच्या अंतरावर, आणि जवळचं बघताना बाहुली आकसते ही आमच्या धंद्यातली पहिली इयत्ता. मी आत्याला उठवलं.

"तू बस इथे माझ्या जागी. बाबा, तिच्याकडे बघा. आता तू आत जा. आता परत ये."

"मी काय घड्याळातली चिमणी आहे का आत-बाहेर करायला?" आत्या म्हणाली. पण आली आणि गेली.

आत्यासाठी बाहुली थोडी पसरली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर नळाला पाणी नाही अशी तक्रार घेऊन आले. ते दारात उभे राहून बोलत होते आणि बाबांची बाहुली सुईच्या टोकाएवढी झाली. मला हसू आवरेना. पोस्टमास्तर रागावून गेले. मी पुन्हा माझ्या जागी बसले, पट्टी धरली, आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. ठिपका शोधत शोधत मी पट्टीच्या जवळजवळ टोकाला पोचले.

तेव्हा मला बेकरीवाल्याची दुपार कळली. तो बायकोच्या लोण्याबद्दल तावातावाने बोलत होता, आणि बाबा लोण्याचं काहीच ऐकत नव्हते. ते त्याच्या डोळ्यात बघत होते.

या माणसाने माझ्या आयुष्यात मला कधी शाबास म्हटलं नव्हतं. पाठीवरून हात फिरवला असेल, डोक्यावर थोपटलं असेल, पण शब्द नाही. मी त्या शब्दासाठी कान टवकारून आयुष्य काढलं, आणि ते इथे होतं, समोर, इतक्या वर्षांच्या रोजच्या बघण्यात. फक्त मी त्यांच्याकडे मान वर करून बघत नव्हते. मी बुबुळं रंगवत होते. मला रडू फुटलं.

"काय झालं?" बाबा घाबरले. "माप चुकलं का?"

"नाही. हलू नका."

"तू रडतेस."

"धूर गेला डोळ्यात."

"आमच्या घरात धूर?" आत्या म्हणाली. "मी स्वयंपाक जाळलाय असं म्हणायचंय का तुला?"

दुसरा डोळा करायला मी थोडे दिवस घेतले. पुन्हा तेच बुबुळ रंगवलं, तोच मधाचा डाग, पण या वेळी सावकाश. घाई करायला हवी होती, डॉक्टरीणबाई आता घरी येऊन जायच्या, तरी हात घाई करेना. डोळा झिलई होऊन तयार झाला तेव्हा मी बाबांना तो बसवायला दुकानात बोलावलं नाही. एका संध्याकाळी पिशवीतून घरी नेला, हात धुतले, त्यांची पापणी उचलली आणि बसवला.

आत्याने विणकामावरून मान वर केली. ती बाजूने, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आला गं बाई दादा," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसून पुन्हा टाके मोजायला लागली. मोजणी चुकल्याचं तिने त्या दिवशी कोणावर ढकललं नाही.

बाबांनी आरसा मागितला. मी दिला. त्यांचे हात आता इतके हलायचे की मला खालून आरसा धरावा लागला.

"मोठी झाली," ते म्हणाले.

"काय?"

"बाहुली. मोठी घातलीस तू. एवढी नसते."

"मापून घातलीय."

"मग मापताना चुकलीस." इतक्या आजारपणातही त्यांच्या आवाजात दुकान आलं. त्यांनी आरसा दिव्याकडे कलता केला. "हे बघ ना. उजवी केवढी, डावी केवढी."

"आरशात नाही जुळायची ती. आरसा ठेवा खाली."

"का?"

"ठेवा ना, बाबा. माझ्याकडे बघा."

त्यांनी आरसा मांडीवर पालथा घातला आणि मान वर केली. मी त्यांच्या समोर बसले होते. या वेळी हातात पट्टी नव्हती. उजवी बाहुली पसरत गेली, पसरत गेली आणि डावीएवढी होऊन थांबली. ते दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते.

"जुळली?" त्यांनी विचारलं.

"जुळली."

"मग आता तुला येतं," बाबा म्हणाले.

मला अजून बघायचं होतं. आज माझ्याकडे नवरा बघतो, मुलगी बघते, गिऱ्हाइकं बघतात, पण त्या मापाने बघणारं आता कोणी नाही.